लोणारच्या विवरात भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघडं पत्र. कमळजा देवीच्या देवळापुढे, बाभळींच्या दाटीत वाट चुकून उभे असलेले आम्ही चौघं आठवतो का? त्यातला सगळ्यात जास्त बडबडणारा तो मी.

पाहुण्या मित्रांपुढे सकाळपासून माझं प्रवचन चालू होतं. बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून झालेलं विवर, रुंदी जवळपास १.८ किलोमीटर, पाणी खारट आणि अल्कधर्मी. वय ५२ हजार वर्षं, हेही ठोकून दिलं. (२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालंय, हे घरी आल्यावर वाचलं. पाहुण्यांना अजून कळवलेलं नाही.) गोमुखाच्या धारेकडून खाली उतरलो इथवर ठीक होतं. तळ्याला वळसा घालून पलीकडून वर चढू, ही अक्कल माझी.

तासाभरात पायवाट संपली, मैत्रिणीच्या बुटाचा तळ उचकटला आणि माझी बोलती बंद झाली.

तुम्ही आलात, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मलेबी वरच जायचं हाय, चला." रस्ता चुकलाय, हे पाहुण्यांसमोर एका शब्दानेही बोलला नाहीत. पिशवीतल्या सुतळीने बूट बांधून दिलात. ती दमली तेव्हा "बसा" म्हणाला नाहीत. एका पडक्या देवळाशी थांबून खांबावरचं कोरीवकाम दाखवत राहिलात. ती आपोआप बसली.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ना, असं कुणीतरी विचारलं. लवणासुराचं रक्त, असं गावात म्हणत होते, हे तुम्ही सांगितलंत. आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचं शास्त्रज्ञांनी शोधलं, हेही. दोन्ही एकाच सुरात, कुणाचीही टर न उडवता. माझ्या प्रवचनातलं पाहुण्यांना काही आठवत नाही, हे मात्र आठवतं.

वर गोमुखाशी पोचल्यावर आम्ही त्या गोड्या पाण्याने तोंडं धुतली. आभार मानायला वळलो, तर तुम्ही पंधरा-वीस पायऱ्या खाली उतरलेले.

काका, तुमचं काम खालीच होतं ना?