गर्भाचे वय आणि वेचणीचे दिवस

महोदय,

गर्भपाताविषयी आपल्या पत्रांच्या सदरात चाललेल्या चर्चेत एका वाचकाने गर्भधारणेच्या क्षणीच पूर्ण माणूस अस्तित्वात येतो असे लिहिले, तर दुसऱ्याने पहिल्या श्वासापर्यंत गर्भ केवळ आईच्या देहाचा भाग असतो असे बजावले. घाटंजी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेल्या मला या दोघांचाही ठामपणा खटकला. पोटावर फिटोस्कोपची नळी टेकवून पाचव्या महिन्यातले गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकणाऱ्याला ‘नुसता मांसाचा गोळा’ हे शब्द उच्चारवत नाहीत; पण पाळी चुकून पंधरा दिवस झालेली बाई समोर बसली असताना तिच्या पोटात तिच्याच तोलाचा दुसरा माणूस आहे, असेही मला कधी वाटले नाही.

आपल्या परंपरेनेही येथे एकच रेघ ओढलेली नाही. चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते म्हणून सुश्रुतसंहिता गर्भिणीला ‘द्विहृदया’ म्हणते (आपले ‘डोहाळे’ त्याच कुळातले), तर गर्भोपनिषद सातव्या महिन्यात जीवाचा संयोग सांगते. १८६० च्या दंडसंहितेनेही पोटात हालचाल सुरू झाल्यानंतरच्या बेकायदा गर्भपाताला जास्त शिक्षा ठेवली होती.

गर्भाचे नैतिक वजन असे महिन्यागणिक वाढत असेल, आणि मी तसेच मानते, तर सर्वांत मोठा दोष उशिराचा ठरतो. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, आणि नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनीही गर्भपात करता येतो. माझ्याकडे दोन लेकरांची एक मजूर बाई सातव्या आठवड्यात आली होती, आणि तिचा निर्णय त्याच दिवशी झालेला होता. कापूस वेचणीचा हंगाम असल्याने मजुरी बुडवून ती पंधरा दिवसांनी रुग्णालयात गेली, तेव्हा डॉक्टर रजेवर होते. पुढच्या खेपेला नवऱ्याची सही मागितली, आणि नवरा तर पुण्याकडे बांधकामावर. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याला केवळ तिचीच संमती लागते, हे तिथे कोणी तिला सांगितले नाही. उलट लिंगनिदान करून आली असावी अशा नजरेने तिच्याकडे पाहिले गेले. वास्तविक तिचा निर्णय सातव्या आठवड्यातच झाला होता, आणि तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. सतराव्या आठवड्यात ती पुन्हा माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, आता थे हालते पोटात.”

ते दहा आठवडे तिने विचारात घालवलेले नव्हते, ते आपण घालवले होते. म्हणूनच गर्भाविषयी ज्यांना खरी कणव आहे, त्यांनीच सर्वांत आधी मागणी करावी की प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, शक्यतो बाजाराचा, प्रशिक्षित डॉक्टर हजर असावा, आणि नवऱ्याची सही लागत नाही हे दारावर मराठीत व गोंडीत ठळक लिहिलेले असावे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. घाटंजी, जि. यवतमाळ