पाच रुपयांची पावती कोणत्या रकान्यात?

महोदय,

करोनाचा विषय निघाला की आमच्या सिडकोतल्या सकाळच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास येतं, ‘स्वीडननं काही बंद केलं नाही, त्यांचं काय बिघडलं?’ वाचकांच्या पत्रांतही ते अधूनमधून डोकावतं, म्हणून हा खटाटोप.

मुळात काहीच बंद नव्हतं, हेच खरं नाही. मार्च २०२० संपता संपता स्वीडनमध्ये ५० पेक्षा जास्त लोकांच्या जाहीर कार्यक्रमांना बंदी आली, मग वृद्धाश्रमांतल्या भेटी थांबल्या. कॉलेजं तर आधीच ऑनलाइन गेली होती. लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या, तेवढंच आपण लक्षात ठेवलं. शिवाय आजारी म्हणून घरी बसलेल्याला पहिल्या दिवसापासून सरकारी भरपाई होती. आपल्याकडे अंबडला रोजंदारीवर जाणाऱ्याला ‘बरं नसेल तर घरीच थांबा’ असं नुसतं सुचवून काय होणार होतं? त्या उन्हाळ्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून पोरंबाळं घेऊन चालत निघालेली माणसं नाशिककरांनी पाहिली आहेत. जपानची तर आणीबाणीही विनंतीवजा. घराबाहेर पडलं म्हणून दंड नव्हता.

ऑक्सफर्ड विद्यापीठानं देशोदेशीच्या निर्बंधांना गुण दिले होते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये भारताला १०० पैकी १००. शाळेत मिळाले असते तर पेढे वाटले असते! पण हे गुण कागदावरच्या आदेशाचे. तो कितपत पाळला गेला, त्याचा उपयोग झाला की नाही, हे त्यात धरलेलंच नव्हतं. गुण देणाऱ्यांनीही तसं सांगितलं होतं. ते कोण वाचतो?

मार्च २०२१ अखेरीस आपल्या नाशकात गर्दी आवरायला म्हणून बाजारात शिरायला माणशी पाच रुपयांची पावती होती. मुदत एक तास, जास्त रेंगाळलात तर ५०० रुपये दंड. पवननगरला मी मेथीची जुडी आणि पावशेर मिरच्या घेऊन घड्याळाकडे बघत धावतपळत बाहेर आलो. आमचे शेजारी मागच्या गल्लीतून बिनपावतीचे आत शिरले आणि निवांत घासाघीस करत बसले. निर्बंध एकच, बाजारही एकच. एका गल्लीनं एवढा फरक पडतो, मग स्वीडनचं काय घेऊन बसलात?

तेव्हा देशादेशांच्या निर्बंधांचे तक्ते छापाल तेव्हा खाली दोन ओळी जरूर टाका. आदेश सगळ्या देशाला होता की एखाद्या शहराला, आणि मोडला तर दंड होता की नुसती विनंती.

– एक वाचक, सिडको, नाशिक