किंग यांचे शेवटचे वर्ष का गाळता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे अमेरिकेतला किंग दिन, आला की तिथल्या काळ्यांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांच्यावर मराठी वृत्तपत्रांत एखादा लेख हमखास येतो. त्यात १९५९ची भारतभेट असते, गांधीजी असतात, १९६३चा वॉशिंग्टनचा मोर्चा आणि पुढच्या वर्षीचे नोबेल असते. मग एकदम १९६८ची हत्या. तिच्या आधीच्या वर्षभरात ते काय बोलले आणि त्याची किंमत काय मोजली, याचा उल्लेखही नसतो. हे मला फार खटकते, म्हणून हे पत्र.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला. गरिबी हटवण्याच्या योजनांचा पैसा हे युद्ध गिळते आहे, आणि मायदेशी ज्यांना हक्क मिळाले नाहीत ती काळी पोरे आठ हजार मैलांवर दुसऱ्यांना स्वातंत्र्य मिळवून द्यायला पाठवली जात आहेत, असे ते म्हणाले. अमेरिकेत एका आळीत राहू न शकणारे काळे-गोरे तरुण तिकडे गरिबांच्या झोपड्या मात्र एकत्र जाळतात, हेही त्यांनी सांगितले. वंशद्वेष, पैशाची हाव आणि लष्करशाही ही तिळी भावंडे आहेत, एकाला हात न लावता दुसऱ्याला हरवता येणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. हा विरोध होता राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या धोरणाला, म्हणजे १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मताधिकार कायदा यांवर सही करणाऱ्या माणसाच्या धोरणाला. अशा मित्राविरुद्ध बोलायला केवढे धैर्य लागले असेल!

आणि वृत्तपत्रांनी काय केले? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तीनच दिवसांत अग्रलेख लिहून दोन वेगळे प्रश्न एकत्र करणे ही किंग यांची चूक ठरवली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने लिहिले की आपल्या कार्याला, देशाला आणि आपल्या लोकांना असलेला स्वतःचा उपयोग त्यांनी कमी करून घेतला. ही उदारमतवादी म्हणून नावाजलेली पत्रे होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना एनएएसीपी हिनेही हात झटकले. तुम्ही तुमचा विषय सांभाळा, युद्ध आणि अर्थकारण तुमचे नव्हे, असाच याचा सूर होता.

किंग मागे हटले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी गरिबांच्या मोहिमेची घोषणा केली. काळे, मूळ रहिवासी, मेक्सिकन, पोर्टोरिकन आणि ॲपलेशियाच्या डोंगराळ भागातले गोरे गरीब, सगळ्यांनी मिळून राजधानीत तळ ठोकायचा. दरम्यान १ फेब्रुवारी १९६८ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे तेराशे कामगार संपावर गेले आणि ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यात अडकवून रस्त्यावर उतरले. किंग त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ३ एप्रिलच्या रात्री त्यांनी लोकांना अगदी रोखठोक कार्यक्रम दिला : बड्या बँकांतले पैसे काढून काळ्यांच्या बँकेत ठेवा, नोकऱ्या देताना भेदभाव करणाऱ्या कंपन्यांचे दूध, पाव, शीतपेये घेऊ नका. दुसऱ्या दिवशी, रिव्हरसाइडच्या भाषणाला बरोबर वर्ष होत असताना, त्यांना गोळी घालण्यात आली. १६ एप्रिलला संप मिटला, युनियनला मान्यता आणि पगारवाढ मिळाली.

आपल्याकडेही, अमेरिकेतल्या काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने पुढच्याच वर्षीच्या जाहीरनाम्यात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी आणि स्त्रियांनाही ‘दलित’ म्हटले, तेव्हा त्यावरूनही वादळ उठलेच. जातीवर बोला, जमिनीवर आणि भांडवलावर नको, ही अपेक्षा महाराष्ट्रात आजही ऐकू येते. म्हणूनच किंग यांचे ते वर्ष मराठी वाचकाला ठाऊक असणे मला निकडीचे वाटते.

माझी विनंती एवढीच की येत्या ४ एप्रिलला रिव्हरसाइडच्या भाषणाचा सविस्तर सारांश संपादकीय पानावर द्यावा. त्याच्याच शेजारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ७ एप्रिल १९६७च्या अग्रलेखातले मुद्देही छापावेत आणि वाचकांची मते मागवावीत.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर