मेंढा आणण्याआधी

पुणे, ४ मे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, मेंढा बदलायला हवा हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आत्ताच्या मेंढ्याला दोन वर्षं झाली, त्याच्याच लेकी आता माजावर येऊ लागल्यात. यंदा तोच ठेवला तर बाप-लेकीची पिल्लं होतील. पण त्याच्या जागी सांगलीकडच्या मडग्याळचा किंवा बेळगावच्या बाजारातला उंचापुरा मेंढा मात्र आणू नका. कोकरं मोठी होतील, दर चांगला मिळेल, हा हिशेब कागदावर बसतो. मेंढीच्या पोटात तो बसत नाही.

आपली गारोल ही मूळ बंगालची बुटकी मेंढी, १२-१३ किलोंची. तिचं कोकरू जन्मतं तेव्हा एक किलोच्या आसपास असतं, आणि ती बहुतेक वेळा दोन देते. मडग्याळचं कोकरू जन्मतःच तीन किलोंच्या जवळ जातं. संकरात आकार मधला येतो, म्हणजे एवढ्याशा आईच्या कमरेतून दोन किलोंचं कोकरू बाहेर यायचं. कोकरू अडकलं की आई आणि पिल्लू दोघंही जातात, आणि ही वेळ नेमकी रात्रीची असते. फलटणच्या निंबकर संस्थेनं गारोलचा संकर केला, तो याच्या उलट बाजूनं. मेंढा गारोलचा, मेंढी दख्खनी. मोठ्या आईच्या पोटी लहान कोकरू, म्हणून ते निभावलं. त्यातूनच पुढे 'नारी सुवर्णा' मेंढी उभी राहिली.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. गारोल जुळी देते ते चाऱ्यामुळे नव्हे, एका जनुकातल्या बदलामुळे. हा बदल नेमका कुठे आहे ते २००१ मध्ये सापडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांतूनच तिथल्या जास्त कोकरं देणाऱ्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत तो पोचला असं मानतात. आपल्या मेंढ्यांत या बदललेल्या जनुकाच्या बहुतेक दोन्ही प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बाहेरच्या मेंढ्याकडे एकही नसते. त्याच्या प्रत्येक लेकीत एकच प्रत उतरेल. तिला पुन्हा बाहेरचाच मेंढा दिला तर पुढच्या पिढीत निम्म्या लेकींत ती प्रत नसेलच. चार-पाच वर्षांत आपल्याकडे गारोलही उरणार नाही आणि धड मडग्याळही नसेल. सुंदरबनाच्या दलदलीत तयार झालेली, ओल सोसणारी ही जात आहे. मोठ्या मेंढ्यांशी संकर करून तिच्या गावातही ती पातळ होत चाललीय. आपली गोव्याची श्वेतकपिला गाय देशाच्या नोंदीत आली, ती कुणीतरी गोठ्यात ती शुद्ध राखली म्हणून.

आणि तुमच्या गुडघ्यांचाही विचार करा. १५ किलोंचा मेंढा आई एकटी धरू शकते. चाळीस-पन्नास किलोंचा मेंढा पावसाळ्यात निसरड्या चिऱ्यांवर धडकला तर काय होईल, ते लिहायलाही नको वाटतं.

तर मेंढे गारोलचेच, आणि एक नव्हे, दोन. हिशेब सांगते. १२ मेंढ्यांमागे एकच मेंढा असेल तर रक्तसंबंध एका पिढीत साधारण साडेतेरा टक्क्यांनी वाढतो. दोन मेंढे असतील तर सव्वासात टक्क्यांनी. दोन मेंढे सख्खे भाऊ नसावेत, एका कळपातले तर नकोतच. ते मी शोधते आणि मे संपायच्या आत पोचवते. आल्यावर ३० दिवस मांगराच्या (शेतघराच्या) पलीकडच्या बाजूला वेगळे ठेवा. त्यांची भांडी, दोरी, झाडू वेगळा. आधी आपल्या मेंढ्यांचं करायचं, मग त्यांचं, उलट नाही. खुरांत चिखल्या, म्हणजे खूर सडण्याचा रोग, आहे का, डोळ्यांची आतली पापणी फिकी आहे का, हे याच दिवसांत कळतं. वृषण हातात घेऊन बघा. दोन्ही सारखे, पिकल्या पेरूएवढे घट्ट, कुठे गाठ नसलेले. एक मऊ, एक कडक असेल तर तो मेंढा परत.

एक गोष्ट आपण दर वर्षी विसरतो. वीर्य तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. जुलैत जे वीर्य कामाला येतं, ते मेच्या उन्हात तयार झालेलं असतं. म्हणून या महिन्यात मेंढे आले की लगेच त्यांना फणसाखाली दाट सावली आणि दिवसभर पाणी हवं. वृषणावरची लोकर कापून टाका. मेमध्ये तापलेला मेंढा जुलैत माजावरच्या मेंढीवर चढतो, पण मेंढी गाभण राहत नाही.

आता तारखा. मेंढा वर्षभर कळपात मोकळा सोडायचा नाही. गाभणकाळ १४७-१५० दिवसांचा. १ जुलैला मेंढा घातला तर पहिली कोकरं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतात. पाऊस गेलेला, सरदाचं (पावसाळी) भात कापून ताजा पेंढा आलेला, जमीन कोरडी. याउलट फेब्रुवारीत घातला तर कोकरं जुलैत, ऐन झडीत. गेल्या खेपेला पावसात आलेली कोकरं का टिकली नाहीत, त्याचं उत्तर एवढंच आहे. मेंढा २० ऑगस्टला बाहेर काढा, म्हणजे ५१ दिवस, माजाचे तीन फेरे. माज दर १७ दिवसांनी येतो.

मेंढ्याच्या छातीला रंग लावायचा. तांबडी माती चाळून खोबरेल तेलात दाट कालवा. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा, पावसाळी हवेत तो लवकर जातो. मेंढा चढला की मेंढीच्या पाठीवर डाग उमटतो. आई, तू वहीत तारीख टाक. १८ जुलैला रंग बदला, काजळी आणि तेल. ४ ऑगस्टला चुना आणि हळद. तांबड्या डागावर काळा डाग आला तर पहिला फेरा फुकट गेला. एका गटातल्या (गट कसे करायचे ते खाली लिहिलंय) सगळ्याच मेंढ्यांवर काळा डाग आला, तर दोष मेंढीत नाही, मेंढ्यात आहे. त्याच दिवशी दुसरा मेंढा त्या गटात घाला.

दोन गट करा. सहा मेंढ्या एका मेंढ्याकडे, सहा दुसऱ्याकडे. डाव्या कानात बिल्ला 'अ' गटाला, उजव्या कानात 'ब' गटाला. 'अ' मधल्या लेकी मोठ्या झाल्या की 'ब' च्या मेंढ्याकडे जातील आणि 'ब' मधल्या 'अ' कडे. दोन वर्षांनी दोन्ही मेंढे बदलायचे. वहीत बिल्ला, आई, बाप, जन्मतारीख, जन्माचं वजन आणि तीन महिन्यांचं वजन, एवढंच पुरे. लेक ठेवताना दिसायला सुंदर कोणती ते बघू नका. जिच्या आईनं दोन कोकरं नुसती दिली नाहीत, तर तीन महिने दोन्ही वाढवली, तिचीच लेक ठेवा.

१५ जूनपासून प्रत्येक मेंढीला रोज १०० ग्रॅम भरडा सुरू करा. मका दोन भाग, कोंडा एक, खोबऱ्याची पेंड एक. हा तीन आठवडे द्या. मग थांबवा, आणि गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पुन्हा ५० ग्रॅमपासून वाढवत १५० वर न्या. पोटात दोन कोकरं असली की पोट चाऱ्यानं भरत नाही, जागाच नसते. तेव्हा एक दिवसही उपाशी राहिली तर अंगातली चरबी वितळून विष होतं, मेंढी सुस्त होते, डोकं भिंतीला टेकून उभी राहते. गूळपाणी पाजा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

बाबा, पुढचं नीट वाचा. गायीचं खनिज मिश्रण आणि गायीच्या खाद्याची गोणी मेंढ्यांना बंद. त्यात तांबं असतं. गाय ते बाहेर टाकते, मेंढीला तसं जमत नाही, तिच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठत जातं. मग एक दिवस एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळपट तांबडी, दोन दिवसांत खेळ संपतो.

तांबं कुळागरातही, म्हणजे आपल्या पोफळीच्या बागेतही, आहे. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी कुजून गळते त्यासाठी, पोफळीवर जे बोर्डो मिश्रण मारतो, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, त्या एका किलो मोरचुदात पाव किलो तांबं असतं. ते घोसावरून गळून खालच्या गवतावरच पडतं. म्हणून पहिल्या फवारणीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मेंढ्या कुळागरात नाहीत, आणि तिथलं गवत कापूनही त्यांना घालू नका. गायीला घाला. खुरांच्या पाण्यातही मोरचूद नको, मेंढी ते चाटते. झिंक सल्फेट वापरा, १० लिटर पाण्यात १ किलो. त्यात खुरं बुडतील अशी दहा मिनिटं उभी करा आणि मग कोरड्या फळीवर तासभर. महिन्यातून दोनदा. चिखल्याचा जंतू मेंढीच्या खुराबाहेर फार दिवस तगत नाही. त्यामुळे लंगडी मेंढी वेगळी करून तो भाग दोन आठवडे रिकामा ठेवला की जमीन साफ होते.

मेंढ्यांच्या माचाचं, म्हणजे उंचावरच्या फटींच्या फळ्यांच्या गोठ्याचं, काम मेमध्येच उरका. जमिनीपासून साडेतीन फूट उंच, म्हणजे खालची लेंडी फावड्यानं उभ्यानं ओढता येते, वाकावं लागत नाही. पोफळीच्या रिपा दोन इंच रुंद, मधली फट दीड सेंटिमीटर. याहून जास्त ठेवली तर गारोलचं लहान खूर आत अडकतं, कमी ठेवली तर लेंडी वर साचून सडते. १२ बाय १४ फूट जागा पुरेल. नैर्ऋत्येकडे चुडतांची (झावळ्यांची) झड बांधा, पण वरची दोन फुटं मोकळी सोडा. वाऱ्याला वाट नसली की मुताचा उग्र वास कोंडतो आणि कोकरांना खोकला धरतो. दाराला रात्री कडी आणि कुलूप, बिबट्या सैल आकडा उघडतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मेंढ्या बहुतेक माचावरच राहतील. आधी थोडा कोरडा पेंढा, मग सुकवलेलं गवत, मग फणसाचा पाला वर टांगून. गिरिपुष्पाचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच द्या. उघडीप पडली तर गवतावरचं पाणी सुकल्यावर, दहानंतर बाहेर काढा. जंताच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाच्या दोन इंचांत असतात, म्हणून अगदी खुरटं गवत चरू देऊ नका.

जंताचं औषध सगळ्यांना एकदम पाजायची सवय सोडू या. दर पंधरा दिवसांनी खालची पापणी ओढून बघा. लालबुंद किंवा गुलाबी असेल तर औषध नको. फिकी गुलाबी असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा. पांढरी असेल, किंवा जबड्याखाली पाणी उतरून पिशवी आली असेल, तर त्याच दिवशी पाजा. सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. आणि मेंढा घातल्यापासून, म्हणजे १ जुलैपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, अल्बेंडाझोल अजिबात नाही. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात त्यानं पोटातल्या कोकरात व्यंग येऊ शकतं. डॉक्टरांकडून फेनबेंडाझोल घ्या, वजन सांगून.

लशींचं मी तालुक्याच्या दवाखान्यात फोन करून ठरवते. आंत्रविषाराची आणि घटसर्पाची पावसाआधी, आणि आंत्रविषाराची पुन्हा वेत येण्याआधी महिनाभर, म्हणजे चिकातून कोकरांना संरक्षण मिळतं.

कोकरं आल्यावर पहिले दोन तास महत्त्वाचे. नाळेला आयोडीन, मग चीक. एक किलोच्या कोकराला पहिल्या खेपेला ५० मिली, दिवसभरात २०० मिली. तीन झाली तर तिसऱ्यावर लक्ष ठेव, आई. ते सडाशी पोचतच नाही. त्याला म्हशीचं दूध दे, कोमट करून, दिवसातून पाच-सहा वेळा. मेंढीचं दूध दाट असतं, गायीचं त्या मानानं पातळ पडतं. कोकरू थंड पडलं असेल, तोंडात बोट घातल्यावर गार लागलं, तर आधी फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ऊब द्या, मगच दूध. गार कोकराला दूध पाजलं तर ते पोटात जिरत नाही.

काजूची बोंडं आणि पिकलेले फणसाचे गरे अजून खाली पडतायत, त्यात मेंढ्या शिरू देऊ नका. एकदम पोटभर खाल्लं की पोटात आंबतं आणि मेंढी फुगून आडवी होते.

या रविवारी एक काम करा. प्रत्येक मेंढी गोणपाटाच्या झोळीत घालून काट्याला टांगा आणि बिल्ल्यासमोर वजन लिहा. १० किलोंखाली भरेल तिला यंदा मेंढ्याकडे द्यायचं नाही. वजनं कळली की औषधाची मात्रा मी प्रत्येकीची वेगळी लिहून पाठवते. झोळी बाबांनी उचलू नये, काटा आढ्याला बांधा आणि मेंढी खालून आत ढकला.

तुमची,
वसुधा