माई, कडी तुम्ही वाजवलीत

माई,

भिंतीला भिंत लागून घर असताना पत्र कसलं लिहितीस, असं म्हणाल. पण समोर बसून हे बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून उठता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते.

दिवसभर मार्केट यार्डात अडत दुकानात हळदीच्या हिशोबपट्ट्या करायच्या, घरी येऊन स्वयंपाक, आणि लेक झोपली की अकराला एकांकिकेची वही उघडायची. चार वर्षं असंच चाललं. एक वाजेपर्यंत पानं भरायची, सकाळी वाचली की फाडावीशी वाटायची. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावात राहून आपल्याला एक प्रवेश धड लिहिता येऊ नये, हे फार लागायचं.

तुम्ही नर्स म्हणून उभा जन्म रात्रपाळ्या केल्यात. माझ्या खिडकीतला दिवा बघून एकदा म्हणालात, "मला पोटासाठी जागावं लागलं. तू कशापायी रात्र जाळतीस?" मी म्हटलं, पहाटे उठून बघितलं, जमत नाही. त्यावर तुमचं उत्तर, "उठायचं राहू दे. आधी दहाला आडवी हो."

दुसऱ्या दिवशी पाचला ग्रिलची कडी वाजली. पुढं सहा आठवडे रोज वाजली, रविवारीसुद्धा. मी वही घेऊन बसायची आणि तुम्ही माझ्याच ओट्यावर लेकीच्या डब्याची भाजी फोडणीला टाकायचात. बाईमाणसाची सकाळ तिची नसते, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. उपदेश करणारे खूप भेटले. डबा भरणाऱ्या तुम्ही एकट्या.

उजाडायच्या सुमाराला मला कृष्णेच्या घाटावर न्यायचात. सूर्य आपल्या पाठीमागं, गावाच्या अंगानं वर येतो, त्यामुळं ऊन आधी पलीकडं सांगलीवाडीच्या झाडांच्या शेंड्यांवर दिसतं. मोबाईल काढला की हातावर चापट. "उजेड डोळ्यात जाऊ दे." त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. सकाळच्या उजेडानं मेंदूतलं घड्याळ लवकरच्या वेळेला लागतं, त्यामुळं झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री लवकर पाझरायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात मला साडेनऊलाच जांभया यायला लागल्या. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा आपण गच्चीवर बसलो.

आणि लिखाण? पुण्याला निघालेला मुलगा आणि त्याची आई, हा प्रवेश मी रात्री सात वेळा लिहिला होता. तीन-तीन पानं भांडण, रडणं, उपकारांची यादी. थकलेल्या डोक्याला सगळं बोलूनच टाकावंसं वाटतं. एका पहाटे, तुमच्या भाजीची फोडणी चरचरत होती तेव्हा, मला आमच्या दुकानातली रोजची गोष्ट आठवली. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की कट्ट असा आवाज येतो. ओलं असलं तर नुसतं वाकतं. मग मी लिहिलं: आई मुलाच्या हातात हळकुंड देते. तो मोडून बघतो. आवाज येत नाही.

"अजून ओली हाय गं."

"मग थांब की चार दिवस."

बस्स. तीन पानांच्या जागी दोन वाक्यं. हात थरथरत होता माझा. हळद मी बारा वर्षं हाताळतेय, पण रात्री अकराला ती मला कधी आठवली नव्हती.

एकांकिका पुरी झालीय, माई. पहिलं वाचन 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, तुमच्या ओसरीवर, सकाळी सहाला. त्या दिवशी कडी मी वाजवणार आणि चहाही मीच करून आणणार, तुमच्यासाठी बिनसाखरेचा.

तुमची,
शेजारची