मॉर्फिनच्या गोळीसाठी रातराणीने मुंबई

संपादक साहेब, नमस्कार.

लिव्हिंग विलवर (शेवटच्या आजारात मला मशीनवर ठेवू नका असं माणूस आधीच लिहून ठेवतो ते) पेपरात अधूनमधून बरंच येतं, सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल, 2023 मधे अटी सोप्या केल्या, आता नोटरीसमोर सही चालते वगैरे, वाचतो मी सगळं आणि ते हवंच आहे. पण मशीन काढायचं की ठेवायचं हा प्रश्न आयसीयूपर्यंत पोचलेल्यांचा. आमच्यासारख्यांचं म्हातारं माणूस घरी खाटेवर असतं आणि त्याला फक्त रात्रीची झोप हवी असते, त्याचं काय?

माझी आई 74 वर्षांची, जन्मभर मशेरी लावली, गालाचा कॅन्सर निघाला तो ऑपरेशनच्या पुढे गेलेला. दोन महिने ती रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची, ओल्या पंच्याचं टोक गालाला धरून, कारण उशीला गाल लागला की कळ डोक्यात जायची. इथल्या डॉक्टरांच्या साध्या पेनकिलर चालूच होत्या, त्याने पित्त तेवढं वाढलं. शेवटी मुंबईला नेलं तर तिथे मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार पेनकिलरच्या, 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी एक, सोबत पोट साफ व्हायचं औषध (या गोळीने संडासला घट्ट होतं, ते आधीच सांगितलं) आणि कितीला दिली ते लिहायला एक वही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, अगंबाई उजाडलं की, हाक नाही मारलीस. आणि आंबील मागितली.

गोळ्या संपत आल्यावर खरी परवड चालू झाली. गावातला मेडिकलवाला चिठ्ठी बघूनच म्हणाला, नको रे बाबा, पोलीस मागे लागतील. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तर एका डॉक्टरांनी सांगितलं, सवय लागेल त्यांना. अहो 74 वर्षांची बाई, हातात थोडेच महिने, तिला कसली सवय लागणार! शेजारचे काका वेगळेच, आईला गर्द देतोस काय म्हणाले. मग काय, दर पंधरा दिवसांनी रातराणी धरायची, सकाळी लाईनीत उभं राहायचं, पाकीट घेऊन रात्री परत, आणि तो दिवस बायको रजा टाकून आईजवळ बसणार.

कायदा बघितला तर 1985 चा अमली पदार्थांचा कायदा 2014 मधेच बदललाय. पूर्वी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागायचे, आता मॉर्फिनसारख्या सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता आणि एक ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर असला की हॉस्पिटलला गोळी ठेवता येते. म्हणजे कागद सुटला, भीती तशीच. आणि अफू पिकते कुठे, तर आपल्याच देशात, नीमच मंदसौरकडे सरकारी लायसन्सवर, कारखानाही नीमचला सरकारचाच! केरळात 2008 पासून पॅलिएटिव्ह केअरचं (आजार बरा होणारा नसला तरी दुखणं कमी करायचं, त्या उपचारांचं) धोरण आहे, पंचायतीच्या मदतीने नर्स घरी येते. आमच्याकडे 70 वर्षांवरच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, छान आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर चालतं आणि आईला ॲडमिट व्हायचंच नव्हतं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही मान्यता घ्यावी, एका डॉक्टरला ट्रेनिंगला पाठवावं, गोळीचा स्टॉक ठेवावा आणि गोळी कुठे मिळते त्याची यादी तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर लावावी. यादी नसली की माणूस नुसता दारोदार फिरतो. हिशोब कडक ठेवा, त्याला माझी ना नाही. आई गेली तेव्हा 22 गोळ्या उरल्या होत्या, वही आणि पाकीट घेऊन तेराव्यानंतर मी परत मुंबईला गेलो, तिथल्या सिस्टरने मोजून घेतल्या आणि माझी सही घेतली. जिल्ह्याला सोय असती तर त्या दुपारच्या एसटीने देऊन आलो असतो.

आपला,
एक वाचक