रान बघून ठेव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सोलो, म्हणजे एकटीनं विमान उडवायची वेळ, जवळ आली म्हणून तुझी आई देव पाण्यात घालून बसली आहे. फोनवर तू 'हो पप्पा, कळलं' म्हणून कापतेस, म्हणून लिहितोय.

तू सांगितलेला तो हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड. 2015 साली सँटा मोनिकाहून 1942 चं विमान घेऊन उडाला आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकदच गेली. चौकशीत निघालं काय, तर कार्बुरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, ढिला होऊन सुटलेला. आपल्या फटफटीची खोड! गडी धावपट्टीकडे माघारी वळला, उंची पुरेना, झाडाचा शेंडा घासून गोल्फच्या मैदानात आदळला. वाचला. पण खांद्याचा पट्टा सीटच्या कच्च्या पाठीला बसवलेला, त्यानं मार वाढला. तू पट्टा ओढून बघत जा.

आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी. 25 जुलै 2022, बारामतीहून एकटी निघालेली पोरगी सेसना 152 विमानासकट शेतात पडली. किरकोळ जखमांवर निभावलं. आम्ही पारावर बसून विमानाचे फोटो बघितले. पोरगी कुणाची, तिच्या बापाचं काय झालं असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

इंजिन गेलं की आधी 60 नॉटचा वेग धरायचा, मग रान निवडायचं, हे तू पाठ म्हणून दाखवलंस. वरचं तुझे सर शिकवतील, खालचं मी सांगतो. हिरवीगार गादी दिसते तो ऊस. दोन पुरुष उंच, त्यात चाकं गेली की विमान नाकावर उलटणार. द्राक्षबागेत सगळ्या तारा आणि अँगल. विजेची तार वरून दिसत नाही म्हणतेस ना? मग डांब शोध. विहीर दिसली की तिच्याकडे डांबांची रांग असतेच. ज्वारी नाहीतर हरभरा काढलेलं रान सगळ्यांत बरं. नांगरट असेल तर नांगराच्या तासाच्या, म्हणजे सरीच्या, दिशेनं उतर, आडवी नको. पावसानंतरच्या काळ्या रानात बैल रुततो, तिथं तुझं चाक काय टिकणार? कुठं पाचट पेटलेलं असेल तर धुरावरून वारा ओळख आणि वाऱ्याकडे तोंड करून उतर.

विमानाचं काय व्हायचं ते होऊ दे. कुणाचं दहा-वीस गुंठे पीक मोडलं तरी मोडू दे. त्या शेतकऱ्याशी मी बोलेन, भरपाईचं बघून घेतो.

तुझे पप्पा